अस्वलाचा आवाज

वीस वर्षं तो टीव्हीवर ‘यानंतर पाहू या’ म्हणत आला. यानंतर जे काही यायचं ते दुसऱ्याचं असायचं. त्याने गोड हसून बाजूला व्हायचं एवढंच. मग एका सोमवारी त्याच्या खुर्चीत पंचविशीची एक मुलगी बसलेली दिसली आणि वाहिनीवाल्यांनी पुष्पगुच्छ देऊन त्याला घरचा रस्ता दाखवला. पन्नाशीचा, टापटीप केसांचा, शुद्ध उच्चारांचा माणूस. पण नुसत्या शुद्ध उच्चारांवर कुणाचं घर चालतं? तेव्हा त्याला हात दिला तो अस्वलकाकांनी.

अस्वलकाका म्हणजे त्याचे जुने मित्र. मुलांच्या एका कार्टूनमधल्या कुरकुऱ्या म्हाताऱ्या अस्वलाला ते अकरा वर्षं आवाज देत होते, म्हणून स्टुडिओतले सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत, आणि ह्याला ‘निवेदक’. त्यांनीच निवेदकाला डबिंगच्या दिग्दर्शिका असलेल्या मॅडमपुढे उभं केलं आणि एका कोल्ह्याचं काम मिळवून दिलं. माइकपासून किती लांब राहायचं, पडद्यावरचे ओठ मिटायच्या आत वाक्य कसं आटपायचं, सगळं शिकवलं. ‘कोल्हा आहेस तू, हवामानाचा अंदाज सांगत नाहीयेस,’ असं चारचौघांत झापलंही. पोटच्या पोराला सांगावं तसं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

पुढे अस्वलकाकांच्या स्वरयंत्रावर बारीकशी गाठ निघाली. शस्त्रक्रिया किरकोळ होती, पण त्यानंतर सहा आठवडे चकार शब्द काढायचा नाही अशी डॉक्टरांची तंबी होती. मालिका तर रोजची. तेवढे दिवस अस्वल तू सांभाळ, अशी त्यांनी निवेदकाला गळ घातली. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पहिले तीन दिवस त्याने हुबेहूब अस्वलकाकांचा आवाज काढला. पण तो आवाज छातीच्या तळातून ओढून आणावा लागे, संध्याकाळी घशाची आग आग होई. चौथ्या दिवशी त्याने आवाज थोडासा वर घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी आणखी थोडा. मग वाक्याच्या शेवटी नाकातून एक बारीक हसू जोडलं, आणि काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक खुदकन हसला. रोज डोळ्यांसमोर असलेलं मूल वाढताना दिसत नाही, तसंच हे झालं.

घसा दुखतो म्हणून सुरुवात झाली, हे खरं. पण दुसऱ्या आठवड्यात घसा दुखायचा थांबला होता, तरी हा थांबला नाही. अस्वलाला तो अशा जागी नेत होता जिथे अस्वलकाकांचा आवाज पोचणार नव्हता, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा ‘यानंतर’ येणारी गोष्ट त्याची स्वतःची होती. ती सोडवेना.

सहा आठवड्यांनी अस्वलकाका परतले, आवाज खणखणीत घेऊन. चेहरा न बघता आवाज निवडायची आपली पद्धत मॅडमनी पाळली: काचेकडे पाठ केली आणि दोघांकडून एकच वाक्य म्हणून घेतलं.

‘‘पहिला नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नक्कल वाटते.’’

पहिले अस्वलकाका होते. कानांवर हेडफोन असल्याने त्यांनी ते नीट ऐकलं. निवेदक शेजारीच उभा होता. एक खरं वाक्य बोलला असता तर अस्वल त्यांना परत मिळालं असतं. त्याने फक्त हातातले कागद सरळ केले.

पुढच्या रविवारी दुपारी अस्वलकाका त्याच्या घरी आले. चहा नको म्हणाले. शस्त्रक्रियेने आपला गळाच बदलला, अशी त्यांची समजूत झाली होती. नातीला अस्वल करून दाखवलं तर तीही म्हणाली, आजोबा, असं नाही, नीट करा.

‘‘तू शिकव मला,’’ ते म्हणाले. ‘‘लाज वाटते सांगायला, पण शिकव.’’

निवेदकाने एक वाक्य म्हणून दाखवलं. अस्वलकाका शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान वर करून ते उचलायला लागले. आवाज वर चढेना. त्यांनी जोर लावला, खोकले, पुन्हा जोर लावला. मानेवरच्या शिरा तटतटल्या. गळ्यावर ताण दिलात तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. निवेदकाला ते माहीत होतं. तरी त्याने त्यांना चार वेळा ते वाक्य म्हणू दिलं. पाचव्या वेळी त्यांचा आवाज मधेच फाटला, तेव्हा त्याची त्यालाच शिसारी आली.

‘‘बस करा,’’ तो म्हणाला. त्याने फोनवर आजाराच्या आधीचा एक भाग शोधला आणि लावला. खोलीत जुनं अस्वल कुरकुरलं. जाड, संथ, छातीतलं. अस्वलकाका ऐकत राहिले. मग त्यांनी हळूच तेच वाक्य मागोमाग म्हटलं. जराही फरक नव्हता.

‘‘तुमचा गळा जागेवरच आहे,’’ निवेदक म्हणाला. ‘‘आवाज मी हलवला. मुद्दाम. उद्या मॅडमना सांगतो.’’

‘‘कितव्या दिवसापासून?’’

‘‘चौथ्या.’’

आता शिव्या बसतील म्हणून तो खाली मान घालून थांबला. बसल्या असत्या तर बरंच झालं असतं. अस्वलकाका उठले, दारापाशी गेले, चपला पायात सरकवल्या.

‘‘ते सहा आठवडे मी रोज टीव्हीसमोर बसायचो,’’ ते म्हणाले. ‘‘बोलायची बंदी, म्हणून तुझ्या वहिनीला पाटीवर लिहून दाखवायचो. रोज एकच. बघ, किती जिवापाड सांभाळतोय माझं पोर.’’