सतराव्या क्रमांकावर बकऱ्या

पत्र्याचा तो बिल्ला... रुपयाएवढा, मध्ये भोक, भोकाच्या कडेला वाळून काळा पडलेला रक्ताचा ठिपका. नंबर २२१४. एका बकरीच्या कानातला. बकरी नाही आता. जहाजावरचं पाणी संपलं तेव्हा गेली, असं हनीफसाहेब सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांनी खिशातून काढून तो वासुदेवच्या टेबलावर ठेवला होता, कुणी प्रसादाची पुडी ठेवावी तसा. तीन आठवडे झाले. बिल्ला तिथंच होता, आणि आज त्याच्याखाली अहवालाची शेवटची प्रत होती — चाळीस मुद्द्यांची.

चाळीस! वासुदेवनं दात आवळले. सकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकून विष्णुसहस्रनाम म्हणताना देखील हेच झालं होतं — नावं तोंडातून पडत होती, पण दगड पडावेत तशी, आणि शंभराव्या नावाच्या आसपास डोळ्यांसमोर देव नव्हताच, विघ्नेश होता, त्याचा गुळगुळीत चेहरा, आणि वासुदेवला भर गाडीत स्वतःची लाज वाटली होती, आणि लाज वाटूनही राग गेला नव्हता.

देरा दुबईत, खाडीकाठच्या इमारतीत त्यांची संशोधन संस्था. डॉक्टर विघ्नेश प्रमुख, पुण्याचे, लंडनहून आलेले, वासुदेवपेक्षा वीस वर्षांनी लहान. वासुदेव अहवाल लिहिणारा. हनीफसाहेब आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका नव्या देशाचे दूत — इतका नवा की जगात अजून कुणी त्याला देश म्हणत नव्हतं. या देशानं जगाशी वागताना आधी कशाचा अभ्यास करावा, एवढंच त्यांना लिहून हवं होतं.

‘हमारी मिनिस्ट्री में छे आदमी हैं, वासुदेवभाई,’ ते म्हणाले होते. तरुणपणी पुण्यात शिकलेले, त्यामुळे हिंदी सराईत. ‘छे आदमी चालीस सवाल नहीं पढ सकते. एक सवाल पहले नंबर पे रखो. हमारी बकरी बीमार है, ये कौन तय करता है?’

आणि मग समजावलं होतं, सावकाश, बिल्ल्यावर बोट ठेवून: त्यांच्या डॉक्टरनं जनावरं तपासली, निरोगी म्हणून शिक्का मारला, चार हजार बकऱ्या जहाजात चढल्या, पलीकडच्या बंदरात तो शिक्का चालेना, कारण ज्या देशाचा शिक्का तो देशच मान्य नाही. जहाज नऊ दिवस उन्हात उभं. खलास.

यापेक्षा मोठा प्रश्न तो काय असतो? सगळं आंतरराष्ट्रीय राजकारण त्या भोकातून आरपार दिसत होतं! आणि विघ्नेश आज सकाळी, हा घरून निघतानाच, फोनवर म्हणाला —

‘वासुदेवकाका, बकऱ्या म्हणजे इंटरनॅशनल रिलेशन्स नव्हे हो. सतरावा पॉइंट काढा, परिशिष्टात टाका. पहिला पोर्ट लीज, दुसरा रीजनल सिक्युरिटी. यल्ला, आटपा लवकर, चारला ते सही करायला येतायत.’

काका! गोड बोलून गप्प करायची ती त्याची रीत. कामाला काका, टिपणं काढायला काका, सही मात्र त्याची... फाडून टाकावेत हे कागद, खाडीत फेकावेत...

आणि एकदम, कुठून कोण जाणे, भिकाजीची पेटी.

गावच्या देवीच्या उत्सवात सदानंदबुवांचं कीर्तन. वासुदेव दहा-अकरा वर्षांचा, आईच्या मांडीला टेकून. पुढच्या खुर्चीत कुणी पुढारी बसलेला, आणि बुवा निरूपण सोडून त्याच्या स्तुतीला लागलेले. शब्द कसले, मधच! लोक माना डोलावतायत. आणि पेटीवर बसलेल्या भिकाजीनं, न सांगता, मूळपदाची, ज्या अभंगावर कीर्तन उभं होतं त्याची, चाल हळूच धरली. बुवांनी डोळे वटारले. भिकाजीनं खाली मान घालून पुन्हा धरली. तिसऱ्यांदा धरली तेव्हा बुवा थांबले. देवळात नुसता समईचा उजेड... आणि मग बुवा मूळपदावर आले, असे आले की आईच्या डोळ्यांतलं पाणी वासुदेवच्या कपाळावर पडलं. कीर्तन संपल्यावर बुवा त्या पेटीवाल्याच्या पाया पडले होते. सगळ्यांदेखत.

पंचवीस वर्षं झाली, शारजाच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारच्या भजनाला वासुदेव स्वतः पेटीवर बसतो. साथ करतो. साथ — म्हणजे काय करतो तो?

त्यानं खणातून आपला पहिला खर्डा काढला. विघ्नेशचा गुन्हा कागदावर बघावा म्हणून... पहिल्या नंबरावर काय होतं, आणि यानं काय केलं —

पहिल्या नंबरावर बंदर होतं. त्याच्याच अक्षरात. बकऱ्या सतराव्या नंबरावर, ‘पशुधन व्यापारातील काही अडचणी’ अशा सभ्य शब्दांत, विघ्नेशनं कागदाला हात लावण्याआधीच. बकऱ्या वर लिहिल्या तर गावंढळ दिसेल, असं वाटलं होतं. हो, वाटलं होतं, आठवतं आहे. हनीफसाहेब बोलत होते तेव्हा आपण हसू दाबलं होतं, तेही आठवतं आहे.

सकाळपासूनचा सगळा संताप गर्रकन वळला आणि त्याच्याच छातीवर येऊन बसला.

चारला हनीफसाहेब आले. पानं उलटली. चष्मा सारखा करून पुन्हा पहिल्या पानावर आले.

‘मेरा सवाल किधर है?’

‘आहे ना सर, अ‍ॅनेक्स सी. व्हेरी मच देअर,’ विघ्नेशनं पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं. ‘इन्शाल्ला, फेज टूमध्ये डिटेल्ड स्टडी.’

हनीफसाहेबांनी पेन घेतलं नाही. बाजूलाही सारलं नाही. ते वासुदेवकडे बघत होते. रागानं नव्हे — तेच असह्य होतं — चूक आपल्याच ऐकण्यात झाली असेल, अशा नम्रपणे.

वासुदेव उभा राहिला.

‘काका, उठलाच आहात तर चहा सांगता का?’ विघ्नेश कागदावरून नजर न काढता म्हणाला.

उठताना मुठीत घेतलेल्या बिल्ल्याची कड तळहातात रुतत होती. नोकरी, व्हिसा, बायकोचा, उर्मिलेचा चेहरा, सगळं एका क्षणात येऊन गेलं. काय बोलायचं ते अजून जुळत नव्हतं. चाल मात्र स्वच्छ आठवत होती, कुठून धरायची तेही. आणि भिकाजीचे हात त्या वेळी कापत होते, हे इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं.

तो दाराकडे गेला नाही. खाली बसलाही नाही.