भिडेपायी तापलेली गाडी

वहिनी गाडी चालवायला शिकल्या त्या वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही दिरासाठी. भाऊजींच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस मागे लागलं. वहिनींचे यजमान नोकरीपायी महिनोन्महिने बाहेर, भाऊजी सडेफटिंग. उरलं कोण? भाऊजींची वीस वर्षांची गाडी आणि वहिनी. दोन वर्षांत या जोडीने एक फेरी चुकवली नव्हती.

आजारपणाआधी भाऊजी म्हणजे खोट काढण्यात पटाईत. चहा पाणचट झाला, पडदा तिरका लागला, कपाटाचं दार कुरकुरतं. वहिनींच्या नाकी नऊ यायचे. आता मात्र त्यांच्या तोंडी एकच शब्द, ‘छान’. चहा छान, पडदा छान, वहिनींनी फाटकाला घासत बाहेर काढलेली गाडीसुद्धा छान. आजाराने माणूस निवळला, असं वहिनींना वाटे. आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते बरंही वाटे.

किल्ली हातात देताना भाऊजी एवढंच म्हणाले होते, “वहिनी, महिन्याला पाणी बघत जा.” सगळे तसंच म्हणतात. भाऊजी स्वतः रेडिएटरच्या टाकीत डब्यातलं हिरवं कूलंट ओतायचे आणि त्यालाही पाणीच म्हणायचे. वहिनींनी शब्द ऐकला आणि अक्षरशः पाळला. दर महिन्याच्या एक तारखेला, इंजिन गार असताना, नळाखाली भरलेला तांब्या टाकीत रिता. एकदाही विसरल्या नाहीत, हेच तर दुर्दैव.

त्या दिवशी डायलिसिसला मध्ये दोन दिवसांची सुट्टी आल्याने भाऊजींची पावलं सुजून बुटात मावत नव्हती. मशीन एक वाजताचं. सव्वा एकपर्यंत पोचलं नाही तर ते पुढच्या पेशंटला जाणार आणि भाऊजींना उद्या संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार. इतकं थांबणं त्यांना झेपायचं नाही, असं डॉक्टरांनी पूर्वीच बजावलं होतं. सव्वाबाराला, दवाखाना नऊ किलोमीटरवर असताना, तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

वहिनींनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि रुमाल घेऊन टाकीच्या झाकणाला हात घातला.

“हात लावू नका!”

भाऊजी ओरडले. दोन वर्षांत पहिल्यांदा. वहिनींचा हात जागच्या जागी थांबला.

“उकळतंय ते. झाकण उडालं तर तोंड भाजेल,” भाऊजी म्हणाले आणि लगेच ओशाळले. “माफ करा हं, आवाज चढला.”

टॅक्सीला फोन लावला, तर पाऊण तास लागेल म्हणाले. पण थोडं पुढे टायरांच्या ढिगाआड एक गॅरेज होतं. तिथले मिस्त्री हात पुसत आले. साठीचे, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी पंधरा मिनिटं कशालाही हात लावला नाही. वहिनींचा जीव टांगणीला, आणि हे आपले घड्याळाकडे बघत उभे. मग त्यांनी जाड फडकं टाकून झाकण हळूहळू फिरवलं, त्याच्या आतून बोट फिरवलं आणि वहिनींसमोर धरलं. बोट गंजाने लालतपकिरी झालं होतं.

“यात काय घालता?”

“पाणी. दर महिन्याला.”

“नळाचं?”

“मग कुठलं?”

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. “अहो ताई, हे म्हणायचं पाणी! घालायचं कूलंट. त्याने गंज धरत नाही, उकळी लवकर फुटत नाही, दोन वर्षांनी सगळं काढून नवं भरायचं. साध्या पाण्याने आतून पोखरलंय. त्यात हा पाइपही फुटलाय.”

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. “मशीन एकला आहे हो यांचं.”

मिस्त्रींनी भाऊजींची पावलं पाहिली आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही. पाइपला चिकटपट्टी गुंडाळली, पाणी भरलं, झाकण सैलसर ठेवलं. “खिडक्या उघड्या, हीटर पूर्ण चालू. इंजिनाची उष्णता तुमच्या अंगावर येऊ दे. काटा चढला की थांबायचं. मी मागे आहे.” गॅरेजला कुलूप घालून, दोन कॅन पायाशी ठेवून, ते स्कूटरवर निघालेसुद्धा.

भर उन्हात हीटर! वहिनी जीव मुठीत धरून चालवत होत्या.

“मी तुमच्या गाडीची वाट लावली, भाऊजी.”

भाऊजींनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, “मला माहीत होतं.”

“काय?”

“तांब्या. पहिल्या महिन्यातच खिडकीतून बघितला. तोंडाशी आलं होतं, पण गिळलं.”

“का?”

“माझ्यासाठी तुम्ही या वयात गाडी शिकलात. कुठल्या तोंडाने चूक काढू? आणि काढली, तुम्ही वैतागून किल्ली टेबलावर ठेवली, तर मी कुणाकडे बघणार होतो?”

काटा चढला. वहिनींनी गाडी थांबवली. मिस्त्रींनी मागून येऊन सावकाश कॅन ओतला, हात हलवला, गाडी पुन्हा निघाली.

एक वाजून बारा मिनिटांनी नर्सने भाऊजींना खुर्चीत बसवलं. सुया लागल्या, मशीन सुरू झालं, आणि मगच वहिनींनी श्वास सोडला. दारात जाऊन त्यांनी मिस्त्रींचे आभार मानायला तोंड उघडलं मात्र, “किल्ली द्या आधी,” मिस्त्री म्हणाले.

चार तास ते पार्किंगमध्येच होते. दुकानातून पाइप आणला, तिथे मिळालेल्या रिकाम्या पिंपात गंजाचं पाणी काढलं, स्वच्छ येईपर्यंत तीनदा धुतलं, मग हिरवं कूलंट भरलं. ओळख ना पाळख, आणि या माणसाने आपला अख्खा दिवस दिला होता. एवढं कुणी कुणासाठी करतं, हे वहिनींना त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी भाऊजी शेजारी येऊन बसले. वहिनींनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“मी कंटाळेन असं वाटलं तुम्हाला? इतकी परकी आहे मी?”

“तसं नाही, वहिनी.”

“मग बोला. आणखी काय काय चुकतं माझं? सांगितल्याशिवाय गाडी हलायची नाही.”

भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं, घसा साफ केला. “क्लचवरचा पाय काढत चला. दोन वर्षं तिथेच मुक्काम आहे त्याचा.”

“आणि?”

“वळण संपलं तरी सिग्नल चालूच असतो. मागचे लोक बिचारे वाट बघतात.”

“आणि?”

“चहा. अजूनही पाणचट करता. मला पथ्यापायी दिवसाला मोजून चार घोट, त्यात एकाला तरी चव नको?”

वहिनी हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. दोन वर्षं घरात एक पाहुणा राहत होता. आज दीर परत आला होता. त्यांनी गाडी सुरू केली.

“आता रस्त्याकडे बघा, रडताय काय!” भाऊजी खेकसले.

“बघतेय,” मनगटाने डोळे पुसत वहिनी म्हणाल्या. “हं, पुढची चूक सांगा.”