घरचीच रेफ्री

चिंचबाग तालमीच्या फुटबॉल संघाचा सीझनमधला पहिला सामना असला की सकाळी आठला मारुतीपुढं पोरांना ओवाळायचं आणि ओवाळायचा मान आकाराम पोवाराच्या घरच्या लेकीचा. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती, पण मोडायची हिंमतही कुणी केली नव्हती. आकारामच्या आत्यानं ओवाळलं, बहिणीनं ओवाळलं, आणि गेली पंधरा वर्षं त्याची अनुजा ओवाळत होती. पहिल्यांदा ताट धरलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. उंचापुऱ्या खेळाडूंच्या कपाळाला हात पोचेना, म्हणून आकारामनं तिला कडेवर घेतलं होतं.

आकाराम चिंचबागेचा जुना गोलकीपर. गुडघा गेला तसा खेळ सुटला, तालीम मात्र सुटली नाही. पिठाची गिरण चालवायची, तालमीचं सेक्रेटरीपद सांभाळायचं आणि सामना असला की गिरणीला कुलूप. त्याची बसायची जागा ठरलेली, गोलच्या जाळीमागं. अनुजाला खेळ कळायला लागला तो तिथंच, बापाच्या मांडीवर बसून.

आता ती कळंब्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. दोन वर्षांपूर्वी रेफ्रीची परीक्षा पास झाली तेव्हा आकारामनं गल्लीत पेढे वाटले, आणि त्याच्या लेखी तो विषय तिथंच संपला. शाळांच्या सामन्यांत शिट्टी वाजवते, वाजवू दे, लग्न झालं की सुटेल आपोआप. तिला पुढची, देशपातळीवरची परीक्षा द्यायची आहे, हे त्याला बायकोकडून कळलं होतं. कळलंय असं त्यानं दाखवलं नव्हतं एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी अनुजा गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली.

"अण्णा, रविवारी मी ओवाळायला येणार न्हाय."

"का? बरं न्हाय व्हय?"

"रविवारच्या सामन्याला मी रेफ्री हाय."

पट्टा फिरत होता, त्यामुळं आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. त्यानं गिरण बंद केली. तिनं परत सांगितलं. नेमलेले रेफ्री गगनबावड्याच्या घाटात मोटारसायकलवरून पडले होते, पाय मोडला होता. बाकीचे बाहेरगावी. मोठ्या संघांचा सामना तिला पहिल्यांदाच मिळत होता.

"आमच्या मॅचला आमच्याच घरची रेफ्री? आन् समोरचे पाणंद तालमीवाले ऐकतील व्हय?"

"विचारलंय त्यांस्नी. त्यांचा कॅप्टन म्हणाला, चालतंय की, ती आमच्यापेक्षा त्यांच्यावरच कडक ऱ्हाईल."

आकारामला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. "मग ये की ओवाळायला. सकाळी ओवाळायचं, चारला शिट्टी मारायची. कोण काय म्हणतंय?"

"मीच म्हणतेय. सकाळी ज्याच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याला दुपारी कार्ड कसं दाखवू? आणि पाणंदच्या पोरांनी माझ्याकडं कुठल्या तोंडानं बघायचं?"

तो चिडला आणि त्यानं गिरण परत सुरू केली. शनिवारी जेवताना बायकोपुढं त्याचा बांध फुटला.

"तीन पिढ्यांचा मान हाय वर्षाराणी. लोकांस्नी काय सांगू? लेकीला वेळ न्हाय?"

"मान घराचा हाय का पोरीच्या बांगड्यांचा?" वर्षाराणीनं भाकरी त्याच्या ताटात टाकली. "घराचाच असंल तर तुमी ओवाळा."

"बाप्या माणसानं?"

"का? हाताला काय झालंय?"

रविवारी सकाळी तालमीत खेळाडू ओळीनं उभे राहिले, ताट देवापुढं तयार, आणि धरायला कुणी नाही. आकाराम खांबाला टेकून उभा होता. शेवटी लालासाब पुढं आला. लालासाब आकारामच्या जोडीनं खेळलेला फॉरवर्ड. पेशानं शिंपी, संघाच्या जर्स्या अजूनही तोच शिवायचा.

"आक्या, पोरं खोळंबल्यात. धर ताट."

आकारामनं ताट धरलं. निरांजन पार मिशीपर्यंत उचलून तो ओवाळायला लागला. पोरं ओठ चावून उभी होती. त्याचा पुतण्या ऋतुराज, संघाचा भरवशाचा बचावपटू, त्याला राहवलं नाही. "काका, जरा लांब. मिशी जळंल." सगळी तालीम खो-खो हसली. हसू ओसरल्यावर लालासाब म्हणाला, "झालं की न्हाय? मारुतीनं काय म्हटलं का?"

दुपारी मैदान गच्च भरलं. काळ्या पोशाखातली अनुजा हातात बॉल घेऊन मधोमध आली तेव्हा गॅलरीतून शिट्ट्या पडल्या, काही चांगल्या, काही वाईट. आकारामनं तिला हे काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. पहिला अर्धा तास तो बॉलऐवजी तिच्याकडंच बघत राहिला. दोन धटिंगण एकमेकांच्या अंगावर गेले तर ती मध्ये जाऊन दोनच शब्द बोलायची, आणि ते मागं सरायचे. ही बोलते तरी काय, असं त्याला वाटलं. घरात तर धड आवाजही चढवत नाही.

एक-एक अशी बरोबरी झाली. पाच मिनिटं उरली असताना पाणंदच्या पोरानं गोलच्या तोंडाशी हेडर मारला. गोलकीपर चुकला होता. गोलरेषेवर उभ्या ऋतुराजनं उडी मारली आणि बॉल बाहेर गेला.

शिट्टी वाजली. पेनल्टी. आणि ऋतुराजला लाल कार्ड.

मैदान उसळलं. चिंचबागेची पोरं तिच्याभोवती गोळा झाली. ऋतुराज छातीवर हात आपटून सांगत होता, "हितं लागला, ताई, हितं!" ती जागची हलली नाही. बोट बाहेरच्या दिशेला, डोळे त्याच्यावर. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "आकारामची पोरगी फितूर झाली!"

आकाराम जाळीमागं होता. ऋतुराजची बोटं बॉलला लागताना त्यानं चार हातांवरून बघितली होती. तो उभा राहिला. गुडघा ठणकला. गॅलरीकडं वळून, गोलकीपर असताना ओरडायचा तसाच तो ओरडला, "हात लागलाय! म्या बघितलाय! गप बसा!"

आसपासची गॅलरी खरंच गप्प झाली, पण राग तसाच होता. गोल झाला. चिंचबाग दोन-एकनं हरली. बाहेर पडताना जुनी माणसं आकारामजवळून मान फिरवून गेली. "सेक्रेटरी दुसरा बघा," असंही कुणीतरी त्याला ऐकू जाईल असं बोललं. चाळीस वर्षांत तालमीतून त्यानं असं काही ऐकलं नव्हतं.

रेफ्रींच्या खोलीच्या पायरीवर अनुजा बूट सोडत बसली होती. बापाला बघून तिचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा एवढासा झाला.

"अण्णा, चुकलं का माझं?"

"चुकलं की."

तिनं मान खाली घातली.

"पहिल्या हाफात एक थ्रो त्यांचा होता, तू आमाला दिलास. पेनल्टी बरोबर हाय."

ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. आकारामनं तिची पिशवी खांद्याला अडकवली. ती गाडीवर मागं बसली. सिग्नलला त्यानं विचारलं, "ती पुढची परीक्षा कवा हाय?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"घरात ऱ्हातो की मी."

"दोन महिन्यांनी. पळायची चाचणी लई अवघड हाय."

"मग सकाळी गिरणीतली झाडलोट करत बसू नगंस. ते मी बघतो. तू पळ."

घरी येऊन हातपाय धुतात न धुतात तोच ऋतुराज दारात. तोंड फुगलेलं, अजून जर्सीतच. त्याचं घर गल्लीच्या टोकाला, पण सामना झाल्यावर काकूच्या हातचं मटण खायचं हे त्याचं ठरलेलं. आजही पाय इकडंच वळले होते आणि त्याचाच त्याला राग आला होता.

"काकू, मला तिच्याशेजारी ताट नको."

"मग उभ्यानं खा," वर्षाराणी म्हणाली आणि दोघांची पानं शेजारीशेजारीच मांडली.

तो बसला. पांढऱ्या रश्श्याची एक वाटी त्यानं संपवली. मग ताटाकडं बघतच तो म्हणाला, "हात आपोआप वर गेला. मुद्दाम न्हाय केलं."

"उडी मारताना एकच हात वर जातो व्हय?" अनुजा म्हणाली. "दुसरा खिशात होता?"

"खिसा कुठाय चड्डीला!"

आकारामला ठसका लागला. लाल कार्डामुळं ऋतुराज पुढच्या सामन्याला बाहेर बसणार होता, उद्या तालमीच्या बैठकीत आकारामला चार शब्द ऐकावे लागणार होते, आणि लालासाब सोडला तर त्याच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी असेल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण आत्ता ती दोघं हात वर करकरून एकमेकांना उडी कशी मारतात ते दाखवत होती आणि रस्सा जमिनीवर सांडत होता. त्यानं आपलं ताट त्यांच्या जवळ सरकवलं आणि तोही वादात पडला.