धुतलेली जुडी

समुद्री प्राण्यांच्या बचाव केंद्रावर सगळे तिला माई म्हणत. मेलेल्या आईला बिलगून राहिलेलं समुद्रगायीचं पिल्लू मच्छीमारांनी आणून दिलं, तेव्हापासून त्याचं सगळं माईच्या गळ्यात पडलं, आणि तिनं ते हौसेनं मिरवलं. गोटू हे नावही तिचंच. टाकीची जाळी चिखलानं तुंबते म्हणून ती समुद्रगवताची मुळं छाटायची, पाती धुवून लख्ख करायची आणि जुडी हातानं भरवायची. राजाच्या पोरालाही कोणी इतकं भरवलं नसेल.

लाडच अंगाशी आले. आता गोटूला खाडीतल्या कुंपणात सोडलं होतं. खाली गवताचं रान माजलेलं, आणि हा पठ्ठ्या वर तोंड करून हाताची वाट बघतोय! समुद्रगाय तळाशी थोबाड खुपसून गवत मुळासकट उपटते, मागे वाळूत लांबच लांब चर पडतो. गोटूचा एकही चर दिसेना. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "उद्या शेवटचं बघायचं, स्वतः चरतो का. नाहीतर जन्मभर टाकीच. आणि माई, हातानं काडीसुद्धा द्यायची नाही."

सकाळी माईला घरात चैन पडेना. चहा गार झाला. भांडी घासून झाली, तीच पुन्हा घासली.

"आपली पोरं जेवली नाहीत तर म्हणायचीस, भूक लागली की खातील," नवरा म्हणाला.

"त्यांना फ्रीज उघडता येत होता," माई फणकारली, आणि निघताना तिनं पिशवीत एक जुडी लपवलीच.

होडीत डॉक्टरीणबाई पुढं बसल्या होत्या, माई मागं. बराच वेळ गोटू दिसेना. मग तो अचानक होडीला खेटूनच वर आला. तो किती उपाशी असेल, एवढंच तिच्या मनात आलं, आणि जुडी धरलेला हात पाण्यात गेलासुद्धा.

गोटूनं जुडी हुंगली. त्याच्या मिशांना तळाचा चिखल लागला होता. त्यानं तोंड फिरवलं आणि सरळ तळ गाठला. खालून गढूळ पाण्याचा लोट उठला, मग जरा पुढं दुसरा.

"खणतोय! माई, खणतोय तो!" बाई वळल्या. "हातात काय आहे?"

माईनं ओली जुडी पुढं केली.

"भरवत होते. खाल्लं नाही मेल्यानं," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.