अश्विनीचे उपास

गोजरमावशीच्या नातवाचं जावळ होतं, म्हणून त्या रविवारी अश्विनी आणि तिची आई खामगावहून सकाळच्या एसटीनं निघाल्या. बस साडेआठची, पण अश्विनी पहाटे चारलाच उठली होती. पोट दोनदा-तीनदा रिकामं झाल्याची खात्री पटल्याशिवाय तिला घराला कुलूप लावता येत नसे. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं होतं. आतडं धडधाकट आहे, फक्त चिडकं आहे, म्हणाले. आयबीएस म्हणतात याला. यानं जीव जात नाही. काय सोसतं, काय सोसत नाही ते ओळखून राहिलं तर बरे दिवस वाढतात.

ओळखलं ते आईनं. अश्विनी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. जे हाती लागे ते वाचणारी. तिनं वही घातली, रोजचं खाणं टिपलं, रकाने आखले. चौथी शिकलेल्या आईनं, तानाबाईनं, लेकीच्या चेहऱ्याकडे बघून महिनाभरात सगळं ठरवून टाकलं. कांदा-लसूण गेले, फोडणी हिंगाची आली. चण्याच्या डाळीला घरात बंदी, वरण मुगाचं. दुधाचा चहा अर्ध्या कपावर आला आणि पुढं तोही सुटला. भाकर एका वेळी अर्धीच, मग भूक लागेल तेव्हा पुन्हा. या रीतीनं अश्विनीचे आठवड्यातले चार-पाच दिवस बरे जाऊ लागले.

अडायचं ते लोकांच्या पंगतीत. आपल्याकडे पाहुणा जेवून उठेपर्यंत यजमान वाढप्याच्या मागं उभा असतो. नको म्हटलं तर का नको हे सांगावं लागतं, आणि बिनलग्नाच्या पोरीचं पोट बिघडलंय हे एकदा चार बायकांच्या कानी गेलं की त्याचं काय होईल हे तानाबाईला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं तोडगा काढला. पंगत बसायच्या आधीच ती सांगून टाकायची, "अश्विनीले उपास हाय." उपासाच्या माणसाला कोणी आग्रह करत नाही. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवारी सूर्यनारायण होताच. बुधवारचं काही सुचलं नाही, म्हणून बुधवारच्या कार्याला मायलेकी जातच नसत.

त्या रविवारीही तसंच झालं. रोडगे, वांग्याची तिखट भाजी, वरणावर तुपाची धार, आणि अश्विनी मागच्या खोलीत दार लोटून डब्यातला मऊ भात खात होती. बाहेर मावशीची शेजारीण म्हणाली, "इतके उपास करून पोरगी चाळिशीच्या पुढं गेली. देव आंधळा हाय का बहिरा?"

आईनं लगेच ऐकवलं, "तुले पावला ना देव? मंग तुहा नवरा रोज हाटेलात काऊन जेवते?" बायका खदाखदा हसल्या. आत बसलेल्या अश्विनीनं अर्धा भात तसाच ठेवून डबा बंद केला.

परतीच्या बसमध्ये तिनं तोंड उघडलं. आवाज चढवला नाही. चढवायची तिला सवय नव्हती. लोक मला नवऱ्यासाठी देव देव करणारी समजतात, आणि ते तुझ्यामुळे, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "तू खोटारडी आहेस, आई."

आईनं पदर सारखा केला. "लोकायले उपास समजते बाई," ती म्हणाली, "पोट समजत नाही."

घरी आल्यावर आईनं मुगाची खिचडी टाकली. आज माझा उपास आहे ना, असं म्हणून अश्विनीनं ताट सरकवलं आणि पुस्तक घेऊन पडली. आईनं खिचडीवर झाकण ठेवलं. सोमवारी सकाळी पाणी भरताना आई नळापाशीच खाली बसली. दवाखान्यात न्यायला रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आईचे दिवस करायला सगळे गावी आले. संग्रामपूरच्या अलीकडे अश्विनीचा भाऊ ज्ञानेश्वर याचं घर, चार खोल्या, पंचवीस-तीस माणसं आणि अंगणाच्या कोपऱ्यात एकच संडास. अश्विनीला मायची आठवण यायच्या आधी त्या दाराची आठवण यायची, आणि याची लाज वाटण्याइतकंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. दाराबाहेर कोणी बादली घेऊन उभं असलं की पोटात पीळ पडायचा. सुतकात उपास कसले, म्हणून बायका वाढत आणि जे ताटात येई ते ती खाई. सांगणारं कोणी नव्हतं. रात्री चणाडाळ, सकाळी दुधाचा चहा. ती वारंवार उठून जाते हे बायकांनी पाहिलं, आणि पोरगी एकटीच रडून येते, असा त्याचा अर्थ लावला. वजन उतरलं. मायचा घोर लागला, असं सगळे म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

तेरवी शनिवारी आली. अंगणात मांडव, चुलींवर बुंदी आणि कढी. गोजरमावशी सकाळपासून एका वेगळ्या चुलीशी बसली होती. अकराच्या सुमाराला ती झाकलेलं ताट घेऊन अश्विनीपाशी आली. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, तुपात परतलेले बटाटे. धाकट्या बहिणीनं जन्मभर जपलेला लेकीचा शनिवार मोडू नये, म्हणून ती ढोपरं दुखत असताना पहाटेपासून राबली होती. अश्विनीनं ताटाकडे पाहिलं. यातला एक एक जिन्नस तिच्या वहीत तांबड्या शाईनं लिहिलेला होता. तिनं मावशीचा हात धरला आणि ठेव म्हणाली.

विधी संपत आले तसे माणिकमामा पुढं सरकले. आईचे थोरले भाऊ. पोथी वाचणारे म्हणून गावात मान होता. त्यांनी गुरुजींना सांगितलं की एक गोष्ट राहिली आहे. मेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर दुसऱ्याचं पुण्य देता येतं, हातावर पाणी घेऊन सोडलं की पोचतं. आणि या घरात अश्विनीइतकं पुण्य कोणाकडे आहे? आठवड्याचे दोन उपास धरले तरी वीस वर्षांचे दोन हजारांवर जातात, असा हिशेब त्यांनी मांडवात उभं राहून सगळ्यांना ऐकवला. बायकांनी माना डोलावल्या. कोणी डोळे पुसले. ज्ञानेश्वरनं बहिणीकडे इतक्या आदरानं पाहिलं की तिला मान खाली घालावी लागली.

गुरुजींनी तिला पाटावर बसवलं. उजव्या तळहातावर तुळशीचं पान, चार तीळ, पळीभर पाणी. माझ्या उपासांचं सगळं पुण्य मी मातोश्रींना दिलं, एवढंच म्हणायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं.

अश्विनीचा पुण्यावर फारसा विश्वास नव्हता. दुसऱ्या कोणाच्या तेरवीत ती हे वाक्य म्हणून मोकळी झाली असती. पण समोर आईचा फोटो होता आणि हातावर आईसाठी पाणी होतं. हे पाणी पोचत असेल तर रिकामं पोचेल. पोचत नसेल तरी आईच्या नावानं तिनं दिलेली शेवटची गोष्ट खोटी ठरेल. गप्प राहायचं तर जन्मभर गप्पच राहावं लागेल. शनिवारच्या दर कार्याला मावशीचं ताट येईल, दर पंगतीत कोणीतरी तिच्या उपासांपुढं हात जोडेल. आणि पोटात तर सकाळपासून कळ होतीच.

"म्हन बाई," मामा हळूच म्हणाले. "म्हन, अश्विने."

"माह्यापाशी पुण्य नाही, मामा."

मामांना वाटलं ती नम्रपणानं बोलतेय. असं नसतं म्हनू, असं काहीसं ते पुटपुटले.

"नाही मामा, खरंच नाही. मी एकबी उपास केला नाही." तिनं तळहातावरचं पाणी सांडू दिलं नाही. वाढपी पातेलं घेऊन उभा होता तसाच राहिला. अश्विनीनं मावशीकडे पाहिलं, कारण मावशीच्या तोंडाकडे बघून बोलणं सगळ्यांत अवघड होतं. "माह्यं पोट खराब हाय, मावशी. वीस वर्षं झाली. कधी दिवसातून सहा-सहा खेपा जा लागते, कधी चार दिवस होतच नाही. तुह्या ताटातलं मले काहीच सोसत नाही. मायनं सांगू देलं नाही अन् मले सांगाची लाज वाटे, म्हनून ती उपास सांगे. खोटं ती बोले, पन माह्यासाठी बोले. आताबी मले संडासले जायचं हाय, मावशी, अन् हे कोनाले सांगू म्हनून मी सकाळपासून बसून आहो."