चिंचेखाली थांबायचं नाही

जो सगळ्यांत शेवटी पोहोचतो त्याला बसायला कधीच मिळत नाही. हे मला सायकलनं शिकवलं, आणि सायकल माझ्या गळ्यात पडली ती आमच्या ह्यांच्यामुळे. योगेंद्र त्यांचं नाव. बुऱ्हाणपूरच्या ताप्ती सायकल मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि सगळ्यांत जास्त बोलणारे मेंबर. मला न विचारता त्यांनी रेसची सायकल घरात आणली, तेव्हा मी म्हटलं, "छान! आता मलापण एक आणा." वाटलं, घाबरतील. कसले घाबरतात! पुढच्याच आठवड्यात माझी जांभळी सायकल दारात उभी. मग काय करता? माझं मॅचिंग सेंटर आहे, दिवसभर अस्तर आणि फॉल विकते, रविवारी दुकान बंद. सुटायला बहाणाच उरला नाही.

मंडळात आम्ही पाच जण. हे, मी, गणित शिकवणारे भूपेंद्रसर, मोबाईलच्या दुकानवाला स्वप्निल आणि बहादरपूरचे गिरधरभाऊ. गिरधरभाऊंची केळीची बाग आहे. जर्सीच्या मागच्या खिशांत केळी कोंबल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. मागून बघितलं तर माणूस सायकलवर चाललाय की घड चाललाय, कळत नाही. दर रविवारी गावातल्या शनवाऱ्याहून निघायचं, निंबोल्यावरून असीरगढचा घाट चढायचा, किल्ल्याखालच्या गावात वळायचं आणि परत.

आता परतीच्या वाटेवर, घाटाच्या माथ्याला एक चिंच आहे. मागे एकदा भूपेंद्रसर उतारावर बाभळीत घुसले आणि बाकीचे गप्पा मारत थेट निंबोल्याला पोहोचले. सर बाभळीत, आणि ह्या लोकांना पत्ताच नाही! त्या दिवसापासून नियम झाला: चिंचेखाली सगळे जमल्याशिवाय घाट उतरायचा नाही.

सगळे जमल्याशिवाय म्हणजे मी आल्याशिवाय. कारण शेवटची मीच.

दर रविवारचं चित्र ऐका. मी धापा टाकत, लालबुंद होऊन चिंचेपर्यंत येते. चौघं गडी सावलीत आरामात बसलेले. पाणी पिऊन झालेलं, घाम वाळलेला, केळी संपलेली, नुसती सालं उरलेली. मी एक पाय खाली टेकवते न टेकवते, तोच भूपेंद्रसर उठतात, पँट झटकतात आणि म्हणतात, "चला! वहिनी आल्या, निघू या." अरे, मी आत्ता आले ना! तुम्ही कधीचे बसलाय! वरून सगळे मिळून "शाब्बास वहिनी!" म्हणतात, बालवाडीतल्या पोरीनं कविता म्हटल्यासारखं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. आणि मग उतारावर मला मधे घालून, "हळू वहिनी, ब्रेक वहिनी, वळण आहे वहिनी" करत खाली आणतात. जसा काही काचेचा माल.

गेल्या हिवाळ्यात खंडव्याच्या एका क्लबनं रेस जाहीर केली. रस्ता आमचाच: बुऱ्हाणपूरहून असीरगढ आणि परत. बायका, माणसं, सगळे एकत्र सुटणार. आमच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. ह्यांनी तर आरशासमोर उभं राहून, हात वर करून जिंकायची प्रॅक्टिस केली. मी दाराआडून पाहिलंय.

आदल्या संध्याकाळी सगळे आमच्या ओसरीवर जमले, तेव्हा मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "उद्या माझ्यासाठी कोणी थांबायचं नाही. थांबलात, तर मी मंडळ सोडलं. सायकलपण विकीन."

"अहो वहिनी, रेसमधे कोण थांबतं?" स्वप्निल हसला.

"तुमचा काय भरवसा? मला एकदा तरी बघायचंय, माझ्या भरवशावर मी कुठपर्यंत जाते. पहिली येऊ दे, शेवटची येऊ दे. पण माझी मी येऊ दे."

मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? गिरधरभाऊंनी कप खाली ठेवून छातीवर हात ठेवला, "इच्छादेवीची आण वहिनी. नाही थांबणार."

चौघांनी शब्द दिला.

सकाळी रेस सुटली आणि निंबोल्याच्या आधीच आमचे चौघं दिसेनासे झाले. मला आनंद झाला, खरंच. घाट मी माझ्या चालीनं चढले. वजन चढावर माझं वैरी आहे, त्याला इलाज नाही. दम लागला की थांबावंसं वाटायचं, पण कोणी बघत नव्हतं, कोणी "शाब्बास" म्हणत नव्हतं, त्यामुळे मजा येत होती. किल्ल्याखाली वळले, स्वयंसेवकानं दिलेलं पाणी निम्मं प्यायले, निम्मं डोक्यावर ओतलं आणि परत फिरले.

आणि माथ्यावर येऊन बघते तर काय! चिंचेखाली चार सायकली. चौघं गडी उभे राहून भांडतायत. गिरधरभाऊंच्या हातात अर्धं सोललेलं केळ.

आधी काय झालं होतं ते स्वप्निलनं मला नंतर सांगितलं. हे सगळ्यांच्या पुढे होते, खंडव्याच्या दोघातिघांच्या बरोबरीनं. चिंच आली. ह्यांचा पाय बुटासकट पेडलवरून आपोआप सुटला आणि खाली टेकला. ह्यांच्या मागच्या चाकाला चिकटून भूपेंद्रसर होते. हे थांबले म्हणून तेही थांबले. सर थांबले म्हणून स्वप्निल थांबला. गिरधरभाऊ आले, सावलीत सायकल टेकवली, खिशातून केळी काढून वाटली. चौघांनी निवांत खायला सुरुवात केली. शेजारून खंडव्याची, भुसावळची माणसं सूं सूं करत निघून गेली. त्यांतल्या एकानं वळून विचारलं, "भैया, पंक्चर?" तेव्हा कुठे भूपेंद्रसर तोंडातल्या केळ्यासकट ओरडले, "अरे, रेस आहे ना यार!"

मग निघायचं की नाही? निघायचंच होतं. पण गिरधरभाऊ अडून बसले. म्हणे, आता थांबलोच आहे, तर वहिनी येऊन राहिल्या असतील, त्यांना सोडून घाट कसा उतरायचा? स्वप्निल म्हणाला, वहिनींनी आण घातलीय. सर म्हणाले, आण न थांबायची होती, थांबून तर झालं. ह्यावर वाद सुरू होता, तेवढ्यात मी हजर.

माझ्या डोक्यात अशी सणक गेली! "थांबलात? शब्द देऊन थांबलात?"

"थांबलो नव्हतो गं," हे रडवेल्या तोंडानं म्हणाले. "देवाशप्पथ. सवयीनं पाय खाली आला."

"सवयीनं?"

"वहिनी, घ्या," गिरधरभाऊंनी केळ पुढे केलं. "आज तुमच्यासाठी राखून ठेवलंय."

इतक्या रविवारांत पहिल्यांदा माझ्या वाटचं केळ उरलं होतं, आणि तेही आजच! मी घेतलं नाही. पायपण टेकवला नाही. "चला, वहिनी आल्या," भूपेंद्रसर सवयीनं बोलून गेले आणि मी म्हटलं, "वहिनी आल्या नाहीत, वहिनी गेल्या!" आणि उताराला लागले.

मला तोवर माहीतच नव्हतं, की चढावर वैरी असलेलं माझं वजन उतारावर सख्खा भाऊ होतं. कोणी "हळू" म्हणणारं नव्हतं. ब्रेकवर बोटं होती, पण मी ती आवळली नाहीत. वळणावर गुडघा आत घेतला, मान खाली घातली. कानात वारा आणि तोंडात, कसं सांगू, शिवी आणि हसू एकदम. घाट संपला तेव्हा मी जोरात किंचाळले. एक बकरीवाली दचकून बाजूला झाली. सॉरी म्हणायलाही वेळ नव्हता.

सपाटीला आले आणि समोरून वारा. आता आमचे गडी येऊन गाठणार, हे पक्कं. तेवढ्यात पुढे भुसावळचा एक माणूस दिसला, दोन दारांच्या कपाटाएवढा. मी त्याच्या मागच्या चाकाला जाऊन चिकटले. वारा सगळा त्याला, मला काहीच नाही. थोड्या वेळानं त्यानं मान वळवली, "ताई, आता तुम्ही पुढे या की, माझी पाळी झाली."

"येते येते," मी म्हटलं. तो बिचारा शेवटपर्यंत वाट बघत राहिला.

शहराच्या अलीकडे मंगल कार्यालयाच्या मैदानात रेस संपत होती. मी रेघ ओलांडली आणि आधी मागे बघितलं. आमचं कोणीच नाही. माझी मी आले होते! सायकलच्या दांडीवर डोकं टेकवून मी मनसोक्त रडले. कपाटभाऊ घाबरले, पाण्याची बाटली देऊन गेले.

बायकांत माझा तिसरा नंबर आला. एकूण बायका किती होत्या, ते विचारू नका.

पण आमचे लोक येईनात. पोहे-जिलेबी सुरू झाली, लोक प्लेटा घेऊन खुर्च्यांवर बसले. मी जिलेबी घेतली आणि परत ठेवली. घाटात काही झालं का? चिडून मी त्यांना तसंच सोडून आले. ह्यांनी मला गाठायला ब्रेक सोडले असतील, आणि बाभूळ तर तिथं अजून आहेच. मोबाईल घरी. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

माईकवर पुकारा झाला, "वैशालीजी, मंच पर आइए!"

"थांबा जरा," मी तिथूनच ओरडले. "माझी माणसं यायची आहेत."

"मॅडम, चीफ गेस्ट निकल रहे हैं!"

"तो निकलने दो!"

पाहुणे गेले. एक कार्यकर्ता येऊन माझं मेडल कॅरीबॅगमधे घालून देऊन गेला. मी ती हँडलला अडकवली आणि रस्त्याकडे डोळे लावून बसले. शेवटी लांब वळणावर ह्यांची लाल जर्सी दिसली. मागे सर, मागे स्वप्निल. तिघंच. मग बऱ्याच मागे, डगमगत, गिरधरभाऊ. उतारावर त्यांचं टायर फुटलं होतं, आणि टायर फुटल्यावर बाकीचे काय करणार? थांबले.

हे माझ्यापाशी आले. कॅरीबॅगमधलं मेडल बघितलं, रिकामा मंडप बघितला. "अगं, स्टेजवर का नाही गेलीस? आमच्यासाठी थांबलीस?"

"थांबले नाही हो," मी म्हटलं. "सवयीनं पाय खाली आला."

ह्यांनी हळूच माझं हेल्मेट सरळ केलं.

"म्हणजे वहिनी, मंडळ नाही ना सोडलं?" स्वप्निलनं घाबरत विचारलं. तिघं खुर्च्यांवर टेकले, तेवढ्यात गिरधरभाऊ पोहोचले. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला, खिशात एकच चेंगरलेलं केळ. त्यांनी एक पाय खाली टेकवला न टेकवला, तोच भूपेंद्रसर उठले, पँट झटकली.

"चला! भाऊ आले, निघू या घरी."

"सर, खाली बसा!" मी अशी ओरडले की पोहेवालापण वळून बघायला लागला. "सगळे बसा. भाऊ आत्ता आलेत. आधी त्यांना बसू द्या, पाणी पिऊ द्या. त्यांचा घाम वाळेपर्यंत कोणी हलायचं नाही. आजपासून हा नियम."

सर गुपचूप बसले. हे बसले, स्वप्निल बसला. गिरधरभाऊंनी खुर्ची ओढली, टेकले आणि मोठ्ठा श्वास सोडला. मग खिशातलं चेंगरलेलं केळ काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं. ते मी सावकाश खाल्लं.