कडी घालण्याआधी

आमच्या चिक्कडपल्लीच्या फ्लॅटमध्ये एक नियम होता. दार वाजवायचं नाही, बेल दाबायची. बेल बिघडली असेल तर खालून हाक मारायची. दूधवाला, पेपरवाला, समोरच्या तेलुगू आंटी, सगळ्यांना ते पाठ होतं. कारण आमची जयवंता आत्या. दारावर थाप पडली की ती हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जायची आणि कानांवर उशी दाबून बसायची. दार उघडायला तर ती कधीच उठली नाही. बाबा म्हणायचे, "अक्काला त्रास होतो. विषय संपला." मला या 'विषय संपला'चा भयंकर राग यायचा. घरात काहीतरी असतं, ते मोठ्यांना माहीत असतं आणि आपल्याला कुणी सांगत नाही, याच्याइतकं डोक्यात जाणारं दुसरं काही नाही.

ते साल नव्याण्णव. हैदराबादेत जो उठेल तो कॉम्प्युटर शिकायला अमीरपेटला पळत होता. बाबांनीही एक असेंबल केलेला कॉम्प्युटर आणून हॉलमध्ये ठेवला, पोरं शिकून अमेरिकेला जातील म्हणून. पोरं कसली जातायत! माझा धाकटा भाऊ रितेश तारनाक्याच्या मित्राकडून, कुलदीपकडून, एक सीडी घेऊन आला आणि आम्ही दोघं बहीणभाऊ रोज मुडदे मारायला बसलो.

हसू नका. गेम मुडद्यांचा होता, पण त्यात गोष्ट होती. एका शहरात ताप येतो, तापानं माणसं मरतात आणि मेलेली उठून चावत सुटतात. नोरा नावाची एक मुलगी आपल्या लहान भावाला, टिमला, घेऊन नदीकडे निघते. नोरा म्हणजे आपण. आपण जिकडे नेऊ तिकडे ती जाते, आपण ज्याला वाचवू तो वाचतो, आणि पुढे त्याप्रमाणे गोष्ट बदलते. मी तोवर जेवढ्या गोष्टी वाचल्या होत्या त्या सगळ्या आधीच ठरलेल्या होत्या. इथे मी जिना चढले तर एक म्हातारा जिवंत राहिला आणि रितेश चढला नाही तर तो मेला. मी खरंच तोंडात बोट घातलं. रात्री अंथरुणात पडल्यावर वाटायचं, आज मी दुसऱ्या गल्लीनं कॉलेजला गेले असते तर?

श्रावण चालू होता. एका संध्याकाळी आत्या आमच्या मागे येऊन उभी राहिली.

"काय बघायलाव रे?"

"गोष्ट आहे आत्या," मी म्हटलं. "बहीणभावाची."

"गोष्ट हाय, अन् अशी कोरड्या हातानं ऐकायलाव?" ती चिडलीच. देवघरात गेली, मूठभर अक्षता घेऊन आली आणि खुर्ची ओढून बसली. श्रावणात कहाणी ऐकायची तर हातात अक्षता हव्यात, आणि कहाणी नीट पार पडली की मगच त्या वाहायच्या, हे तिचं पक्कं. कॉम्प्युटरच्या गोष्टीला वेगळा कायदा का असावा? रितेश खी खी करत होता. मी त्याला चिमटा काढला.

त्या दिवशी मी शेवटाला पोचले. नदीकाठी पंपहाऊस. खाली बोटीत वीस माणसं, त्यात एक तान्हं बाळ. टिमला मुडदा चावलेला. ताप चढतोय, तो स्वतःच आतल्या खोलीत जाऊन बसतो. स्क्रीनवर दोनच पर्याय: दाराला बाहेरून कडी घाल, किंवा टिमला बाहेर काढ. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय. मी कडी घातली. बोट सुटली, सगळे वाचले. काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली आणि मागून आवाज यायला लागला. टिम आतून दार वाजवत होता.

आत्या ताडकन उठली. तिचा चेहरा बघून मी घाईनं स्पीकर बंद केला.

"थांब थांब, मी दुसरा शेवट दाखवतो," असं म्हणून रितेशनं तेवढाच भाग पुन्हा लावला आणि टिमला बाहेर काढलं. बोटीत बसेपर्यंत टिम बदलला. नोराला चावला, मग बाळाच्या आईला. रिकामी बोट नदीत गोल फिरत राहिली.

"माझा शेवट बरा," मी म्हणाले.

"हट! तू भावाला कोंडून मारलंस," रितेश म्हणाला. "माझ्यात निदान ती भावाजवळ तरी राहिली."

"आणि बाळ? बाळाचं काय, अकलेच्या कांद्या?"

"गप बसा दोघं!" आत्या ओरडली. मूठ तिनं उघडली नव्हती. "ह्यो शेवट न्हाई. त्यो पण न्हाई." तिनं अक्षता पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी मागे गेले. भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता तिनं सांगितलं. ती बारा वर्षांची होती. त्यांच्या गावात उंदीर पडले. प्लेग आला की गाव सोडायचं आणि रानात खोपटं घालून राहायचं, ही तेव्हाची रीत. निघायच्या सकाळीच एकूच्या जांघेत गाठ आली. एकनाथ, तिच्या पाठचा, आठ वर्षांचा. गाठ आलेल्याला रानात न्यायचं नाही, असं पंचांनी ठरवलेलं.

"तुझा बाप मायच्या कडेवर व्हता, सहा महिन्यांचा. माय म्हणली, जयवंता, कडी घाल अन् पळ. मी घातली. एकू आतून म्हणला, अक्का, पाणी. मंग दार वाजवाया लागला." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "बांधापतूर ऐकू येत व्हतं."

इतकी वर्षं मी तिच्या उशीची चेष्टा करत आले होते. स्वतःची लाज वाटली.

"तुम्ही दोन्ही करून बघताव," आत्या म्हणाली. "मला पन्नास वर्षं हेच दोन दिसतेत. घातली नसती तर तुझा बाप ऱ्हायला नसता. घातली, तर एकू गेला. योगे, तिसरं काही हाय का, तेवढं मला बघून दे."

आता बोला! मी कॉलेज बुडवून आठवडाभर तो शेवटचा भाग खेळले. टिमला औषध देऊन पाहिलं, खिडकी फोडून पाहिली, आधीच बोट पाठवून पाहिली. काही नाही. कुलदीपच्या घरी इंटरनेट होतं. त्यानं शोधून फोन केला. "दोनच आहेत. लिहिलंय तसं. उगीच परेशान होऊ नको." मी त्याच्यावर विनाकारण खेकसले आणि फोन आपटला.

रविवार उजाडला. बाबा सामान आणायला बेगम बाजारला गेलेले, आई आणि रितेश मामाकडे. दुपारी तीनला आमच्याकडची लाइट जायची, रोजचंच ते. अडीच वाजता मी पुन्हा पंपहाऊसला पोचले. आत्या शेजारी बसली. आठवडाभर रोज नव्या पदराला बांधलेल्या त्याच अक्षता गाठ सोडून तिनं मुठीत घेतल्या होत्या.

टिम खोलीत गेला. दोन पर्याय आले. मी बटणाकडे बोट नेलं.

"थांब," आत्यानं माझं मनगट धरलं. "त्यो काय म्हणायलाय?"

"काही नाही गं, नेहमीचं. घाबरलोय म्हणतोय."

"मंग त्याला काहीतरी बोल की."

"बोलायला वेळ नाही आत्या, घड्याळ बघ!"

"बोल आधी. कडीचं मंग बघू."

बोलायचंही बटण होतं. गेमभर ते होतंच. पण घड्याळ पळायला लागलं की बोलत कोण बसणार? मी ते दाबलं. नोरानं दार लोटून घेतलं, कडी न घालता, आणि दाराला पाठ लावून खाली बसली. हे मी आधी कधीच पाहिलं नव्हतं.

टिमनं आतून विचारलं, "तू आहेस?" मी आत्याला मराठीत सांगितलं.

"हाय म्हणाव. हितंच हाय."

घड्याळ शून्यावर आलं. सगळी स्क्रीन लाल झाली. मला वाटलं संपलं, हरलो. पण लाल ओसरलं. खाली बोट सुटली, नोराशिवाय. बाळासकट वीस माणसं धुक्यात दिसेनाशी झाली. आणि घड्याळच नाहीसं झालं. आता फक्त दार होतं, अलीकडे बहीण आणि पलीकडे भाऊ.

टिम बोलत राहिला. घराबद्दल, कुत्र्याबद्दल, तहान लागल्याबद्दल. नोरानं दाराच्या फटीतून पाण्याची बाटली आत सरकवली. आत्या माझ्याआधीच उत्तरं द्यायची, आणि ती टिमला नव्हती. "पी, सावकाश पी. बैल रानात नेलेत रे, तू काळजी करू नगंस. बाळ झोपलंय." मी तिच्या बोलण्याच्या जवळ जाईल ते बटण दाबत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी बटणं दिसत होती.

हळूहळू टिमचे शब्द तुटायला लागले. मग नुसता श्वास, मग गुरगुर. स्क्रीनवर पहाट झाली. नोरा उठली, दारावर हात टेकवून जरा उभी राहिली, आणि तिनं कडी घातली. नदीच्या काठाकाठानं ती चालायला लागली. नावं वर सरकली. या वेळी मागून दार वाजत नव्हतं, टिम कुत्र्याची गोष्ट सांगत होता.

कुलदीपला माहीत नसलेला, कुठेही न लिहिलेला शेवट आमच्या चिक्कडपल्लीच्या हॉलमध्ये उघडला होता. मी थक्क होऊन बघत राहिले. देवळात गाभाऱ्यापुढेही मला कधी तसं वाटलं नव्हतं.

"कडी घालायचीच व्हती," आत्या हळूच म्हणाली. "पर नंतर. म्हंजी बसता आलं असतं."

"आत्या, तू बारा वर्षांची होतीस गं."

"बारा वर्षाच्या पोरीला बसता येत न्हाई का?"

मी तिचा हात हातात घेतला. मूठ अजून बंद होती, घामानं ओली.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, टिमचा आवाज अर्ध्यात तुटला. आणि तेव्हाच बाबा जिना चढून आले. बेल वाजेना. दोन्ही हातांत पिशव्या, त्यात रविवार दुपारचं ऊन. ते नियम विसरले.

त्यांनी दार वाजवलं.

आत्याचं अंग कडक झालं. मी उशी आणायला धावणार होते, पण तिनं मोकळ्या हातानं माझा हात घट्ट धरला. दार पुन्हा वाजलं. ती उठली. माझा हात धरूनच दारापर्यंत गेली, पण कडीला हात लावला नाही. दाराला पाठ लावून हळूहळू खाली बसली.

"कोण हाय?" तिनं विचारलं.

"मी आहे अक्का," बाहेरून बाबा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला. "चुकलं माझं. राहू दे, तू आत जा. मी थांबतो बाहेर."

"तहान लागली का रे?"

"हौ," बाबा म्हणाले. "लागली आहे."

"आले रे," आत्या म्हणाली. "आले, आले." दाराला धरून ती उठली आणि दोन्ही हातांनी कडी काढली. मुठीतल्या अक्षता उंबऱ्यावर सांडल्या, बाबांच्या पायांवर सांडल्या. बाबा पिशव्या धरून तसेच उभे राहिले, आणि आत्यानं मला पाणी आणायला सांगितलं.